प्रेम करण्याचा अधिकार आणि बौद्ध कुटुंबांचे कर्तव्य

(नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपणांपैकी काहींच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. धम्माच्या सभेत या विषयाचे काय प्रयोजन, असाही प्रश्न काहींच्या मनात आला असेल. ते स्वाभाविक आहे. ज्या गोष्टीविषयी घरात चार भिंतींच्या आतही बोलले जात नाही, ती भर सभेत मांडली म्हणजे ऐकणाऱ्यास संकोच वाटतोच. परंतु ज्या प्रश्नाची लाज वाटते तो प्रश्न लाजेने सुटत नाही. तो दडपला जातो, आणि त्या दडपणाखाली कोणीतरी एक कोवळा जीव गुदमरत असतो. म्हणून घटकाभर संकोच बाजूस ठेवून माझे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, अशी माझी आपणांस विनंती आहे.

विषय असा आहे. काही तरुणांचे मन तरुणीकडे न जाता तरुणाकडेच ओढ घेते. काही तरुणींचे प्रेम तरुणीवरच जडते. काहींना दोहोंविषयीही ओढ वाटते. काहींची जन्मवेळी मुलगा म्हणून नोंद झालेली असते, परंतु त्यांचे अंतःकरण त्यांना 'तू स्त्री आहेस' असे सांगत असते. काहींच्या बाबतीत याच्या उलट असते. यांना समलिंगी, उभयलैंगिक, पारलिंगी अशी नावे आहेत, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून या सर्वांस मिळून एलजीबीटी असे म्हणतात. नावे काहीही असोत. ही मुले कोणत्याही एका जातीत, एका धर्मात किंवा एका देशात जन्मास येत नाहीत. ती बंगल्यात जन्मतात तशी चाळीतही जन्मतात; शहरात जन्मतात तशी खेड्यातही जन्मतात. अर्थात ती आपल्याही घरांत जन्मतात. तेव्हा 'अशा लोकांचे काय करावे?' असा परक्यासारखा प्रश्न आपणांस विचारता येणार नाही. 'आपल्या मुलांशी आपण कसे वागणार?' हाच खरा प्रश्न आहे.

जात कशाच्या बळावर टिकते?

आपण नुकतीच दीक्षा घेतलेली माणसे आहात. घरातील देव्हारा आपण हलविला, नवससायास सोडले, गंडेदोरे तोडले, आणि हे करताना भावकीचा व शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष पत्करला. ही गोष्ट लहान नाही. परंतु जातीचे ठाणे केवळ देव्हाऱ्यात नसते. ते कोठे असते, हे बाबासाहेबांनी ऐन तारुण्यात जगापुढे मांडून ठेवले आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. त्याचे सार असे की, जातीचा प्राण म्हणजे जातीतल्या जातीत होणारा विवाह. एखादा समूह आपली दारे बंद करून बसला म्हणजे त्यास स्त्रीपुरुषांच्या संख्येचा मेळ राखावा लागतो. नवरा मरून मागे राहिलेली स्त्री, बायको मरून मागे राहिलेला पुरुष, ही मग त्या समूहाला 'जास्तीची' माणसे वाटू लागतात. त्यांनी जातीबाहेर पाऊल टाकू नये म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या क्रूर रूढी निर्माण झाल्या.

या विवेचनाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. या तिन्ही रूढींच्या मुळाशी एकच हुकूम आहे. माणसाने कोणावर प्रेम करावे व कोणाबरोबर संसार करावा, हे त्याने स्वतः ठरवू नये. ते जमातीने ठरवावे! पुढे वीस वर्षांनी, १९३६ साली, लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या व तेथे होऊ न शकलेल्या आपल्या प्रसिद्ध भाषणात बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून मिश्रविवाहाकडेच बोट दाखविले. म्हणजे तरुण मनुष्याच्या निवडीवरील पहारा उठला, तर जातीची भिंत ढासळेल, असा तो विचार होता.

हा विचार आपणांस मान्य आहे ना? आपल्या मुलाने दुसऱ्या जातीच्या मुलीवर प्रेम केले आणि तिचे नातलग काठ्या घेऊन धावून आले, तर आपण न्यायाची भाषा बोलतो. संविधान हातात घेतो, पोलीस ठाण्यावर मोर्चा नेतो. आणि ते योग्यच करतो. मग आपलाच मुलगा एखाद्या मुलावर प्रेम करतो असे कळताच आपण त्याचा मोबाइल काढून घ्यावा, त्यास खोलीत कोंडावे, मामाच्या गावी पाठवावे आणि महिन्याच्या आत त्याचे लग्न उरकून टाकावे, हे कोणत्या न्यायात बसते? ज्या काठीचा मार आपण पिढ्यानपिढ्या खाल्ला, तीच काठी आपण आपल्या लेकरावर उगारीत आहोत. काठी धरणारा हात आपला आहे म्हणून तिचा मार हलका लागत नाही.

याची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. समलिंगी म्हणवून घेतल्याने जात आपोआप सुटते, असेही नाही. २०१५ साली मुंबईच्या एका वृत्तपत्रात एका आईने आपल्या मुलासाठी 'वर पाहिजे' अशी जाहिरात दिली. तिच्या धैर्याचे कौतुक झाले व ते व्हावयासच पाहिजे होते. परंतु त्या जाहिरातीतही एका विशिष्ट उच्च जातीस पसंती दर्शविलेली होती! दलित समाजातून आलेल्या अनेक समलिंगी व पारलिंगी तरुणांनी हेच दुःख मांडले आहे, की समाजात लैंगिकतेमुळे दूर लोटले जाते आणि स्वतःच्या चळवळीत जातीमुळे. तामिळनाडूच्या ग्रेस बानू यांनी पारलिंगी व्यक्तींसाठी समांतर आरक्षणाची मागणी लावून धरली, ती याच अनुभवातून. आपल्या महाराष्ट्रात कवयित्री दिशा पिंकी शेख यांना २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने प्रवक्तेपद दिले, तेव्हा ज्यांना लोक टाळी वाजवून पैसे मागणारे एवढेच समजत होते, त्यांचा आवाज राजकारणाच्या व्यासपीठावरून ऐकू आला. हे दोन्ही लढे एकाच माणसाच्या अंगावर एकत्र येतात. म्हणून ते एकमेकांस परके मानणे चुकीचे आहे.

१९३४ चा खटला

आता मी आपणांस एका खटल्याची आठवण करून देतो. आपल्या समाजात तो फारसा सांगितला जात नाही. महर्षी कर्वे यांचे सुपुत्र र. धों. कर्वे हे १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवीत होते. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हा त्या मासिकाचा विषय. नाव न छापता वाचक आपल्या अडचणी विचारीत आणि कर्वे शास्त्राच्या आधाराने उत्तरे देत. यावरून सनातनी मंडळींनी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरविले. १९३१ साली एका खटल्यात त्यांस शिक्षा झाली. १९३४ साली दुसरा खटला उभा राहिला तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाविषयीचे प्रश्न होते तसे समलिंगी संबंधांविषयीचेही होते.

या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र कोणी घेतले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुणे कराराला तेव्हा पुरती दोन वर्षेही लोटली नव्हती. अस्पृश्यांच्या लढ्याचा सारा भार शिरावर असताना, ज्या खटल्यात पैसा नाही आणि लोकप्रियता तर नाहीच नाही, तो खटला त्यांनी लढविला. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांस उत्तर देणे हा गुन्हा होऊ शकत नाही, आणि लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे आपोआप अश्लील लिहिणे नव्हे, अशी त्यांची बाजू होती. हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञांच्या संशोधनाचा आधार त्यांनी दिला. खटला हरला व कर्व्यांना दंड झाला. परंतु न्यायालयात कोण कोणाच्या बाजूने उभे होते, हे इतिहासात नोंदले गेले.

बाबासाहेबांनी १९३४ साली आजच्या अर्थाने समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा पुरस्कार केला, असे मी म्हणणार नाही. थोर पुरुषाच्या तोंडी आपल्या सोयीची वाक्ये घालणे हा त्याचा अनादर आहे. मी इतकेच म्हणतो, की या विषयावर बोलणाऱ्याचे तोंड बंद करावयास समाज धावला, तेव्हा ते बोलणाऱ्याच्या बाजूने उभे राहिले. बाबासाहेबांच्या अनुयायांच्या घरात हा विषय निघताच वडिलांनी 'गप्प बैस' म्हणून ओरडावे, हे त्या वारशास शोभत नाही.

कायद्याने काय सांगितले?

पुष्कळांस वाटते, की समलिंगी प्रेम हे परदेशातून आलेले खूळ आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. परदेशातून आला तो त्यास गुन्हा ठरविणारा कायदा. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंडसंहिता केली व त्यातील ३७७ व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधांस दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप सांगितली. दोन प्रौढ माणसांनी राजीखुशीने केलेले प्रेमही त्या जाळ्यात आले. इंग्रज गेले, पण कलम राहिले.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांस या कलमातून मुक्त केले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, आणि फिरविताना असे लोक लोकसंख्येचा अगदी अल्प अंश आहेत, असेही म्हटले. बंधूंनो, हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा नाही काय? मूठभरांच्या हक्कासाठी बहुसंख्याकांनी का त्रास घ्यावा, हे वाक्य आपल्या पूर्वजांनी किती वेळा ऐकले असेल! मूलभूत हक्क डोकी मोजून वाटावयाचे असते, तर ते दुबळ्याच्या पदरी कधीच पडले नसते. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविताना २०१३ च्या त्या भूमिकेवर स्पष्ट टीका केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने प्रौढांचे संमतीचे प्रेम गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. या लोकांना व त्यांच्या कुटुंबांना न्याय मिळण्यास जो विलंब झाला त्याबद्दल इतिहासाने त्यांची क्षमा मागावयास पाहिजे, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी काढले. पुढे १ जुलै २०२४ पासून ती जुनी दंडसंहिताच गेली, आणि नव्या संहितेत ३७७ व्या कलमासारखे कलम नाही.

या निकालांचा पाया कोणता? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संविधानिक नीतिमत्तेचा विचार सांगितला होता. ही नीतिमत्ता माणसांत उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. २००९ च्या आणि २०१८ च्या निकालांत न्यायमूर्तींनी बाबासाहेबांच्या या विचाराचा आधार घेतला. बहुसंख्य लोकांस काय आवडते याचे नाव संविधानिक नीतिमत्ता नव्हे. प्रत्येक व्यक्तीची प्रतिष्ठा राखणे म्हणजे संविधानिक नीतिमत्ता. आपल्या वस्तीतील भिंतीवर ज्यांचे चित्र आहे, त्यांच्या शब्दांच्या आधाराने देशातील समलिंगी तरुण तुरुंगाच्या भीतीतून सुटले. याचा अभिमान आपणांस वाटावा.

लढा मात्र संपलेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाह हा मूलभूत हक्क नाही, असे सांगून समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले व तो प्रश्न संसदेकडे सोपविला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. याच जानेवारीत थायलंडसारख्या बौद्ध बहुसंख्य देशात समलिंगी विवाहाचा कायदा अंमलात आला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे २०२४ साली केंद्र शासनाने काही गोष्टी स्पष्ट केल्या. अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते, एकमेकांचे नाव नामनिर्देशनात घालता येते, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातील माणसे मानावे. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घरच्यांनी अडवून ठेवलेल्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणीस आपल्या मैत्रिणीबरोबर जाण्यास मोकळे केले, आणि विवाह हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नव्हे, असे म्हटले.

रोग, पाप आणि धम्म

आता घरोघरी जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप, हा रोग आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी ओढ रोगांच्या यादीतून काढून टाकली. २०१८ साली भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हेच सांगितले. ही ओढ 'बरी' करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरचे वर्तन हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली जाहीर केले. तेव्हा जो कोणी औषध, विजेचे झटके किंवा संमोहन देऊन मूल 'सुधारून' देण्याचे आश्वासन देतो, त्याच्या दारात जाऊ नका. भगत आणि मांत्रिक तर आपण दीक्षेबरोबरच सोडले आहेत. या कारणासाठी त्यांच्याकडे पुन्हा फिरू नका.

दुसरा आक्षेप, हे गेल्या जन्मीच्या पापाचे फळ आहे. उपासकहो, हे वाक्य बौद्धाच्या तोंडून निघूच कसे शकते? आपण अस्पृश्य का, तर गेल्या जन्मी पाप केले म्हणून, हेच आपल्या आजोबा-पणजोबांना शिकविले गेले नव्हते काय? माणसाची आजची स्थिती पूर्वजन्मीच्या कर्माने ठरते, या मताचा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात निषेध केला आहे. कारण त्या मतामुळे दुःखाची जबाबदारी दुःख देणाऱ्यावरून उचलून दुःख भोगणाऱ्याच्या माथी मारली जाते. आपल्यापुरते ते मत टाकावयाचे आणि लेकरापुरते ठेवावयाचे, असे करता येणार नाही.

तिसरा आक्षेप शिलाचा. पंचशीलातील तिसरे शील कामविषयक मिथ्याचारापासून दूर राहण्यास सांगते, तेव्हा हे शीलाविरुद्ध नाही काय? मिथ्याचार कशाने होतो, याचा विचार करा. बळजबरी, फसवणूक, विश्वासघात आणि अजाण बालकावर हात टाकणे यांनी तो होतो. ही कसोटी स्त्रीपुरुषांच्या संबंधास लागते तशी या संबंधासही लागते. नवरा-बायकोच्या नात्यातही बळजबरी असेल तर तेथे शील नाही. आणि दोन प्रौढ व्यक्ती एकमेकांशी निष्ठेने, संमतीने व सत्याने राहत असतील, तर तेथे कोणाची हिंसा झाली? कोणाची फसवणूक झाली?

कोणी अधिक वाचलेला मनुष्य म्हणेल, की विनयात 'पंडक' म्हटलेल्या व्यक्तीस उपसंपदा देण्यास मनाई आहे. ते खरे आहे. परंतु तो संघप्रवेशाचा नियम आहे, आणि त्या शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्याच महावग्गात कर्जदार, दास, राजाचे सैनिक आणि काही रोगांनी पीडलेली माणसे यांनाही प्रव्रज्या देण्यास मनाई आहे. म्हणून कर्जदारास घरातून हाकलावे, असे कोणी म्हणत नाही. त्याच विनयपिटकात अशीही हकिकत आहे, की एका भिक्खूच्या ठायी स्त्रीचे चिन्ह प्रकट झाले. तेव्हा तथागतांनी तिची पूर्वीची उपसंपदा आणि वर्षावासांची गणना कायम ठेवून तिला भिक्खुणींमध्ये राहण्याची अनुज्ञा दिली. कोणी तिची विटंबना केली नाही, कोणी तिला हाकलले नाही. माणूस बदलला म्हणून त्याचे आजवरचे शील आणि साधना वाया गेली, असे तथागतांनी मानले नाही. आपणही आपल्या मुलाकडे याच दृष्टीने पाहू शकत नाही काय?

जबरीचे लग्न हा अन्याय आहे

आता मी सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. आपल्या घरांत असा मुलगा किंवा अशी मुलगी असल्याचे ध्यानात आले, म्हणजे आईबाप बहुधा एकच उपाय करतात. 'लग्न करून द्या, सगळे ठीक होईल.' सिगालोवाद सुत्तात मातापित्यांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांस पापापासून आवरावे, सन्मार्गास लावावे, विद्या व कसब शिकवावे, त्यांचा अनुरूप विवाह करून द्यावा आणि योग्य वेळी वारसा त्यांच्या हाती द्यावा. लग्न लावणाऱ्या आईबापांस वाटते, की आपण हे चौथे कर्तव्य बजावीत आहोत. त्या काळी या वचनाचा अर्थ मुलासाठी योग्य वधू पाहणे असाच होता, हे मला मान्य आहे. परंतु 'अनुरूप' हा शब्द तेथे उगाच आलेला नाही. ज्या मुलाचे मन स्त्रीकडे कधी वळणार नाही, त्याच्या गळ्यात एखादी मुलगी बांधणे यात अनुरूप ते काय आहे?

आणि त्या दुसऱ्या घरच्या मुलीचा विचार आपण कधी केला आहे काय? ती कोणाची तरी लेक आहे. तिच्या बापाने कर्ज काढून मंडप घातला आहे. लग्नाच्या रात्रीपासून नवरा तिच्याकडे पाठ फिरवितो आणि आपल्यातच काही उणे आहे, असे समजून ती झुरते. वर्षभरात मूल झाले नाही की सासर तिला बोल लावते. घरातील सर्वांस जे ठाऊक आहे, ते तिला एकटीलाच ठाऊक नाही! जी मुलगी स्त्रीवर प्रेम करते तिचे लग्न बळाने लावले, तर तिच्या वाट्याला दररात्रीची जबरदस्ती येते. एका खोट्याने असे दोन जन्म जळतात. वऱ्हाडी जेवून जातात आणि ही दोन माणसे त्या आगीत राहतात. हा मिथ्याचार नव्हे काय? चौथे शील असत्यापासून दूर राहण्याचे आहे. असे लग्न लावणारे आईबाप तिसरे आणि चौथे अशी दोन्ही शिले मोडतात, आणि त्याच मंडपात सर्वांबरोबर त्रिशरण-पंचशील म्हणतात!

घराने काय करावे?

मी आपणांस उपदेश करून रिकाम्या हाताने परत पाठविणार नाही. करावयाच्या गोष्टी साध्या आहेत.

मुलाने किंवा मुलीने धीर करून सांगितले, तर पहिले वाक्य जपून बोला. 'तू आमचाच आहेस', 'तू आमचीच आहेस', एवढे म्हटले तरी पुरे आहे. बाकीचे समजण्यास वेळ लागला तरी हरकत नाही. मद्रास उच्च न्यायालयापुढे २०२१ साली मदुराईहून चेन्नईस आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण आले. त्यांच्या पालकांनी त्या हरवल्याच्या तक्रारी केल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी, आपणांस हा विषय पुरता समजलेला नाही, असे मोकळेपणी मान्य केले आणि निकाल देण्यापूर्वी मानसशास्त्रज्ञाकडून तो समजावून घेतला. नंतर त्या दोघींस संरक्षण दिले व ओढ 'बदलण्याच्या' उपचारांस मनाई केली. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती जर शिकावयास बसू शकतो, तर आईबापांस शिकण्यात कमीपणा कसला?

शिक्षण तोडू नका. मुलगी मुलीच्या प्रेमात आहे असे कळले की तिचे कॉलेज बंद करण्याची आपल्याकडे घाई होते. ज्या समाजाने शिक्षणासाठी एवढे सोसले, त्याने शिक्षा म्हणून शिक्षण काढून घ्यावे, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही. घर आणि शाळा ही दोन छप्परे शाबूत राहिली, तर मूल तगते. पारलिंगी मुलांना घरातून काढले जाते व त्यांची शाळा सुटते, म्हणूनच त्यांच्यापैकी अनेकांना सिग्नलवर हात पसरावा लागतो. आधी आपण त्यांस बाहेर काढावयाचे आणि मग ती रस्त्यावर उभी राहतात म्हणून हिणवावयाचे, हा जुना न्याय आपल्या परिचयाचा आहे.

घरात मुलगा बायकी चालतो, मुलगी पुरुषी वागते म्हणून थट्टा करू नका आणि इतरांस करू देऊ नका. शिवी ही शिवीच असते. जातीवरून दिलेली शिवी कशी लागते, हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांनी लैंगिकतेवरून दिलेल्या शिवीवर हसू नये.

विहारातही या मुलांस बसावयास जागा असावी. धम्मवर्गात, जयंतीच्या तयारीत, ग्रंथालयाच्या कामात त्यांस सर्वांप्रमाणे घ्यावे. पुण्यात 'समपथिक' आणि मुंबईत 'हमसफर' यांसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे या क्षेत्रात काम केले आहे. आईबापांनी एकटे कुढत न बसता अशा जाणत्या लोकांशी बोलावे.

प्रौढ झालेल्या मुलामुलींनी जोडीदाराबरोबर राहावयाचे ठरविले, तर त्यांचा मार्ग अडवू नका. मार्च २०१८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की दोन प्रौढ व्यक्तींनी केलेल्या जोडीदाराच्या निवडीत कुटुंबाने किंवा जातपंचायतीने बळाने आड येणे बेकायदेशीर आहे. विवाहाचा कायदा त्यांच्यासाठी अद्याप झालेला नाही, म्हणून मृत्युपत्र, नामनिर्देशन आणि संयुक्त खाते यांच्या आधाराने त्यांचे भवितव्य सुरक्षित करण्यास साहाय्य करा. वारसा देणे हे पाचवे कर्तव्य आहे, आणि सुत्तात त्यास कोठेही अट घातलेली नाही.

तरुणांना दोन शब्द

मागील रांगांत बसलेल्या तरुणांनो, तुमच्यापैकी कोणाच्या मनात हे दुःख असेल, तर ते मला येथून दिसत नाही आणि ते मला दाखविण्याची तुमच्यावर सक्तीही नाही. आपली गोष्ट कधी, कोणास आणि किती सांगावयाची, हे तुमचे तुम्ही ठरवावे. घाई करू नका. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाच माणसास आधी सांगा. शिक्षण पुरे करा, आपल्या पायांवर उभे राहा. प्रेम करावयाचे ते समवयस्कावर, संमतीने आणि प्रामाणिकपणे करा. प्रेमाच्या नावाखाली कोणी धमकावीत असेल, पैसे उकळीत असेल किंवा तुम्ही अठरा वर्षांच्या आतील असताना कोणी मोठा मनुष्य तुमचा गैरफायदा घेत असेल, तर ते प्रेम नव्हे. तो गुन्हा आहे, आणि त्याविषयी गप्प राहू नका. आणि जीव देण्याचा विचार मनात आला, तर त्याच घटकेस कोणाजवळ तरी तो बोलून दाखवा. तुमच्या जन्मात काहीही खोट नाही. खोट समाजाच्या समजुतीत आहे, आणि समजुती बदलतात. आपला समाज स्वतःच त्याचा पुरावा आहे.

उपासक-उपासिकाहो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लक्षावधी लोकांनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याच आपणही घेतल्या आहेत. सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. त्या प्रतिज्ञेत 'माझ्या घरातील अमुक मूल वगळून' असे शब्द नाहीत. समतेची मागणी आपण सरकारकडे करतो, सवर्णांकडे करतो, न्यायालयाकडे करतो. तीच मागणी आज आपली मुले आपल्याकडे करीत आहेत. मागणारे हात आपल्याच रक्तामांसाचे आहेत. त्यांस रिकामे परत पाठवू नका. आज घरी गेल्यावर मुलाबाळांसह जेवावयास बसाल, तेव्हा या सभेत काय ऐकले ते त्यांस सांगा, आणि इतकेच म्हणा, की या घरात कोणालाही प्रेमासाठी खोटे बोलावे लागणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!